दिव्यामागची तार

डांबरी सडक संपून कच्ची वाट सुरू झाली आणि तिच्यावर रात्र उतरली, की चालकाचा सारा भरवसा गाडीच्या दिव्यांवर असतो. वनातून गस्त घालणारा रक्षक, आडगावच्या रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात पोचविणारा चालक, तुटलेल्या वीजवाहिनीचा शोध घेत डोंगर चढणारा तंत्रज्ञ, हिमालयातील उंच खिंडी ओलांडणारा प्रवासी, या सर्वांना नेहमीचे दोन दिवे कित्येकदा अपुरे पडतात. मग जीपसारख्या गाडीच्या पुढील दांड्यावर किंवा टपावर जादा दिवे बसविले जातात. दुकानात दिवा निवडताना ग्राहक त्याची काच पारखतो, तो किती वॅटचा आहे हे विचारतो, त्याचा झोत किती दूर जातो याची चौकशी करतो. तारेविषयी मात्र तो काहीच विचारीत नाही. दुकानदाराकडे जी असेल ती तार, जेवढी पुरेल तेवढी, आणि जिकडून सोपे पडेल तिकडून ओढून दिवे लावले जातात. पहिल्या रात्री ते लखलखतात. तीन महिन्यांनी, नेमक्या एखाद्या अवघड वळणावर, ते विझतात. आणि कधी कधी विझण्याऐवजी बॉनेटखालून धूर निघू लागतो.

अशा प्रसंगी दोष पुष्कळदा दिव्यात नसतोच. तो दिव्यामागच्या तारेत, आणि त्याहीपेक्षा तारेने घेतलेल्या वाटेत असतो. म्हणूनच ही तार किती जाडीची असावी, कोठून न्यावी आणि कोठून नेऊ नये, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जीपगाडीचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून मोठ्या संख्येने बनू लागलेल्या विलीज जीपमध्ये दिव्यांचा विचार मोठ्या बारकाईने केलेला होता. तिचे पुढील दिवे बिजागरीवर बसविलेले असत. एक पंखाची चाकी सैल केली, की दिवा मागे वळवून त्याचा उजेड थेट इंजिनावर पाडता येई. रात्री वाटेत बिघाड झाला, तर दुसरा दिवा शोधण्याची गरज नसे. शत्रूच्या विमानांना गाडी दिसू नये म्हणून डाव्या मडगार्डावर एक मंद, झाकलेला दिवाही पुढे देण्यात आला. या गाडीची बॅटरी अवघ्या सहा व्होल्टची होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने याच घराण्यातील गाड्यांची जुळणी सुरू केली आणि जीप भारतातील शेतांत, धरणांच्या बांधकामांवर व जंगलखात्यात पोचली. आज रस्त्यावरील मोटारी बारा व्होल्टच्या असतात, दिवे अधिक प्रखर झाले आहेत. परंतु तांब्याच्या तारेचे नियम तेव्हा होते तेच आजही आहेत.

हे नियम समजण्यासाठी विजेचे पुस्तक उघडलेच पाहिजे असे नाही. विहिरीवरून शेताला पाणी देणाऱ्या पाटाचा दाखला येथे चांगला उपयोगी पडतो. विहीर म्हणजे बॅटरी, शेत म्हणजे दिवा आणि पाट म्हणजे तार. पाट अरुंद असला आणि शेत लांब असले, तर पाणी वाटेतच मुरते व शेवटच्या वाफ्याला ओलही पोचत नाही. तारेचेही तसेच आहे. तार जितकी बारीक आणि लांब, तितका तिचा रोध अधिक; आणि रोध जितका अधिक, तितका विजेचा दाब वाटेतच खर्ची पडतो. फरक इतकाच, की पाटात मुरलेले पाणी जमीन भिजविते, तर तारेत मुरलेली वीज तार तापविते.

एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पंचावन्न वॅटचे दोन दिवे एकत्र लावले, तर बारा व्होल्टच्या गाडीत त्यांना सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. हे दिवे टपावर असतील, तर बॅटरीपासून तेथवर जाणारी तार सुमारे ५ मीटर आणि परतीची तितकीच, अशी एकूण १० मीटर लांबी होते. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार वापरली, तर या लांबीत जवळजवळ दीड व्होल्ट दाब नाहीसा होतो. बारातून दीड गेला, एवढ्याने काय बिघडले असे वाटेल. पण तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. दीड व्होल्टच्या घटीने प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा गमवावा लागतो. तीच तार चार चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. म्हणजे महागडा दिवा विकत घेऊन त्याला बारीक तार जोडणारा ग्राहक तिसऱ्या हिश्श्याचा उजेड वाटेतच सांडून ठेवतो.

अलीकडे एलईडी दिव्यांनी तंतूच्या दिव्यांची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. त्यांना तेवढ्याच उजेडासाठी प्रवाह बराच कमी लागतो, आणि त्यामुळे तारेवरील भार हलका होतो. तथापि त्यांनी तारेचा प्रश्न मिटविला, असे समजणे चुकीचे ठरेल. यांतील अनेक दिव्यांत प्रवाहाचे नियंत्रण करणारे मंडल असते. दाब घटला की ते दिव्याची शक्ती टिकविण्यासाठी उलट अधिक प्रवाह ओढते. शिवाय दिवे कमी वीज खातात म्हणून लोक दोनाऐवजी सहा दिवे लावतात, आणि हिशेब पुन्हा पहिल्या ठिकाणी येतो.

आता हे दिवे चालू-बंद करण्याचा प्रश्न. दिव्यांचा सगळा प्रवाह चालकासमोरच्या बटणातून नेला, तर जाड तार डॅशबोर्डापर्यंत नेऊन परत आणावी लागते. वाट लांबते, बटणाची टोके तापतात आणि जळतात. यावर रिले हा सोपा उपाय आहे. पाटावर दारे धरणारा माणूस जसा फावडाभर माती बाजूला सारून साऱ्या पाण्याला वाट करून देतो, तसे रिलेचे काम आहे. त्यातील लहानशा विद्युत्चुंबकाला एक अँपिअरचा पाचवा हिस्साही पुरतो. तेवढ्या प्रवाहाने तो आतील पट्टी ओढून घेतो आणि बॅटरीकडून दिव्याकडे जाणारा मोठा प्रवाह सुरू होतो. रिलेच्या टोकांवर बहुधा चार आकडे कोरलेले असतात. ही पद्धत जर्मन मानकांतून आली आणि जगभर रूढ झाली. ३० या टोकाला बॅटरीकडून येणारी तार, ८७ ला दिव्याकडे जाणारी तार, आणि ८५ व ८६ ही चुंबकाची दोन टोके. एवढे ध्यानात ठेवले, की डॅशबोर्डापर्यंत केवळ बारीक तार न्यावी लागते आणि जाड तारेची वाट आखूड राहते.

रिलेपेक्षाही महत्त्वाचा भाग म्हणजे फ्यूज, अर्थात वितळतार. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. इंजिन सुरू करताना बॅटरी क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. तिच्या धन टोकाला जोडलेल्या तारेचे आवरण घासून फाटले आणि उघडे तांबे गाडीच्या पत्र्याला टेकले, तर तोच प्रचंड प्रवाह त्या तारेतून वाहू लागतो. तार काही क्षणांत लाल होते, आवरण पेटते आणि शेजारच्या तारा, रबरी नळ्या व तेलकट धूळ आग धरतात. दिव्याचे बटण बंद होते की चालू होते, याला तेव्हा काही अर्थ उरत नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट, शक्यतो वीतभर अंतराच्या आत बसवावा. त्याच्या अलीकडचा तारेचा तुकडा नेहमीच असुरक्षित असतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. वरील दोन दिव्यांच्या ९ अँपिअर प्रवाहासाठी १५ अँपिअरचा, निळ्या रंगाचा, पात्याचा फ्यूज योग्य ठरतो. तो वारंवार जळू लागला म्हणून त्या जागी ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज बसविणे, म्हणजे राखण करणाऱ्या कुत्र्याचे भुंकणे ऐकू नये म्हणून त्यालाच बांधून ठेवण्यासारखे आहे. तेव्हा फ्यूजऐवजी तारच वितळते.

तारेची जाडी ठरली, रिले व फ्यूज आले; आता खरा प्रश्न वाटेचा. सपाट रस्त्यावरच्या मोटारीत जी तार वर्षानुवर्षे टिकते, तीच कच्च्या रस्त्यावरच्या गाडीत एका मोसमात झिजते. तारेचे शत्रू चार आहेत: उष्णता, धार, हालचाल आणि पाणी. वाट आखताना या चौघांनाही चुकवावे लागते.

इंजिनातून बाहेर पडणारा धुराचा नळ हा उष्णतेचा सर्वांत मोठा उगम. साधारण प्लॅस्टिकचे आवरण त्याच्या सान्निध्यात मऊ होऊन ओघळते. तेथून तार निदान वीतभर दूर असावी; जागाच नसेल तर उष्णता सोसणारे आवरण वापरावे. धारेचा धोका पत्र्याच्या कडांना आणि छिद्रांना असतो. इंजिन आणि चालकाची जागा यांमध्ये पत्र्याची भिंत असते. तिच्यातून बटणाची तार नेताना छिद्रात रबरी ग्रोमेट न बसविता तार तशीच ओढली, तर गाडीच्या प्रत्येक हादऱ्यासरशी पत्र्याची कड करवतीसारखी आवरणावर फिरते. हे काम फार सावकाश चालते, आणि त्यामुळेच ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

हालचालीचा शत्रू अधिक फसवा आहे. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते आणि चासीच्या मानाने ते सतत हलत असते. म्हणून इंजिनावर एक टोक व चासीवर दुसरे टोक बांधलेली तार ताणून ठेवता कामा नये. तिला थोडी सैल सोडावी लागते. स्टिअरिंगचा दांडा, पंखा, पट्टे, चाकांचे दांडे आणि स्प्रिंगा यांच्या आसपास तर तार फिरकूच नये. गाडी उभी असताना जी जागा मोकळी दिसते, तीच जागा चाक खड्ड्यात उतरले की भरून जाते. जुन्या जीपची पुढील काच बॉनेटवर आडवी पाडता येत असे; अशा गाडीत काचेच्या चौकटीवर दिवा बसवायचा, तर बिजागरीपाशी तारेला पुरेसा वळसा द्यावा लागतो. तसेच, इंधनाच्या नळीला किंवा ब्रेकच्या नळीला आधार समजून तार कधीही बांधू नये. आधाराच्या जागा सोईस्कर दिसल्या, तरी तेथे लागलेली ठिणगी किंवा पडलेले भोक सर्वनाशास कारण होऊ शकते.

चौथा शत्रू पाणी. ओढा ओलांडताना पाणी बंपराच्या वर येते, आणि तापलेला दिवा थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसून सांध्यांमधून पाणी आत ओढते. म्हणून पुढील दांड्यावरील दिव्यांचे जोड रबरी सीलचे असावेत. रिले इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर शक्य तितक्या उंच बसवावा आणि त्याची टोके खालच्या दिशेला ठेवावीत, म्हणजे पाणी साचत नाही. टपावरून खाली येणारी तार आत शिरण्यापूर्वी थोडी खाली झुकवून मग वर वळवावी. पावसाचे पाणी तारेवरून ओघळत येऊन त्या झुकलेल्या भागातून टपकते आणि गाडीत शिरत नाही. घराच्या छपरावरून तार आत घेताना वायरमन जे करतो, तेच येथेही करायचे असते.

या चारही गोष्टी ध्यानात ठेवल्या, की वाट आपोआप स्पष्ट होते. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली तार फ्यूजमधून रिलेकडे, तेथून इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला धरून रेडिएटरच्या चौकटीपर्यंत, आणि चौकटीच्या आडोशाने पुढील दांड्यावर जाते. संपूर्ण लांबीवर पन्हाळीदार प्लॅस्टिकची नळी चढवावी आणि दर वीतभर अंतरावर रबर लावलेल्या पकडीने किंवा पट्टीने ती बांधावी. टपावरील दिव्यांसाठी तार काचेच्या बाजूच्या खांबालगत न्यावी. आजच्या अनेक गाड्यांत याच खांबाच्या आवरणामागे सुरक्षा-फुग्याची यंत्रणा असते. अशा गाडीत आवरण उघडून तार आत कोंबू नये, ती बाहेरून न्यावी.

वाटेचा दुसरा निम्मा भाग परतीचा असतो, आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. गाडीचा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो, म्हणून दिव्याची दुसरी तार जवळच्या कोणत्याही बोल्टाला अडकविण्याची प्रथा आहे. परंतु रंग वीज वाहून नेत नाही आणि गंजही नेत नाही. दिवा मिणमिणू लागला किंवा खड्ड्यात उघडझाप करू लागला, तर प्रथम हाच सांधा तपासावा. रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करावा, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. टपावरचे दिवे असतील, तर परतीची तार स्वतंत्रपणे बॅटरीजवळील चासीच्या सांध्यापर्यंत आणणे अधिक भरवशाचे.

सांध्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने डाख दिलेला सांधा सर्वोत्तम. परंतु सतत हादरणाऱ्या गाडीत डाख तारेतील बारीक तंतूंना एकजीव करून ताठर बनवितो, आणि डाख जेथे संपतो तेथेच तार वाकून वाकून तुटते. म्हणून योग्य मापाची लग घेऊन ती पकडीने घट्ट दाबून बसविणे हीच मोटार-उद्योगात रूढ पद्धत आहे. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा इंजिनाच्या उष्णतेत सुटतो, आणि सुटलेली टोके नेमकी कोठे टेकतील हे कुणीच सांगू शकत नाही.

भारतासारख्या विस्तीर्ण देशात या नियमांना प्रदेशपरत्वे थोडी भर घालावी लागते. कोकण, गोवा, केरळ यांसारख्या किनारी भागांत खारी हवा आवरणाच्या टोकातून आत शिरते आणि तांबे हिरवट होऊन ठिसूळ बनते. तेथे कथिलाचा मुलामा दिलेली तार व चिकटद्रव्ययुक्त आवरण अधिक टिकते. लडाखच्या कडाक्यात स्वस्त प्लॅस्टिक कडक होते व वाकविल्यास तडकते. राजस्थानच्या वाळूत बारीक रेती नळीत साठून आवरण आतूनच घासते, म्हणून नळीची तोंडे पट्टी गुंडाळून बंद करावी लागतात. आणि महाराष्ट्रातील खळ्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीला उंदरांपासून जपावे लागते. तारेचे आवरण कुरतडण्यात त्यांना कसलाही विधिनिषेध नसतो.

नव्या गाड्यांच्या बाबतीत आणखी सावधपणा हवा. त्यांच्या दिव्यांवर संगणकाची नजर असते. मूळ दिव्याची तार सोलून तेथून नव्या दिव्यांना थेट वीज घेतली, तर संगणक तो बिघाड समजू शकतो, आणि गाडीची हमीही धोक्यात येते. म्हणून नव्या दिव्यांची वीज स्वतंत्रपणे बॅटरीकडूनच यावी आणि मूळ हार्नेसला शक्यतो हात लागू नये. चुंबकाच्या टोकाला लागणारा अल्प प्रवाह किल्ली फिरविल्यावरच मिळेल अशा ठिकाणाहून घ्यावा; अन्यथा दिवे चुकून चालू राहिले, तर सकाळी बॅटरी रिकामी आढळते.

येथे समोरून येणाऱ्याचाही विचार आला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये अमलात आले. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने दिव्यांचा झोत खाली वळलेला असावा, असे ते सांगतात. आणि नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून गाडीच्या पुढे शोधदिवा लावण्यास ते मनाई करतात. तेव्हा असे दिवे बसविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर. जेथे ते बसविले जातील, तेथे त्यांना स्वतंत्र बटण असावे, सार्वजनिक रस्त्यावर ते बंद व झाकलेले असावेत. दिवा दाखविण्यासाठी असतो, तो आंधळे करण्यासाठी नव्हे. खुद्द चालकालाही टपावरचा झोत धुक्यात व धुळीत उलटा डोळ्यांवर येतो. सह्याद्रीच्या पावसाळी धुक्यात तर खाली बसविलेला, रुंद झोताचा दिवाच उपयोगी पडतो.

काम पुरे झाले, की लगेच प्रवासाला निघू नये. इंजिन चालू ठेवून दिवे पंधरा-वीस मिनिटे लावावेत आणि तारेच्या वाटेवरून, इंजिनाचे तापलेले व फिरणारे भाग सोडून, हात फिरवावा. कोठे तार, सांधा किंवा फ्यूजची पेटी चटका देण्याइतकी गरम लागली, तर तेथे तार बारीक आहे किंवा सांधा ढिला आहे. मग बॅटरीच्या टोकांवरील दाब आणि दिव्याच्या टोकांवरील दाब मापकाने पाहावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून फारसा अधिक फरक नसावा. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, दारे व बॉनेट उघडमिट करून, तार कोठे ताणली जाते का हे तपासावे. आणि पहिल्या खडतर प्रवासानंतर बॉनेट उघडून साऱ्या वाटेची पुन्हा एकदा पाहणी करावी. कोठे आवरणाची चकाकी गेलेली दिसली, तर तार तेथे घासते आहे असे समजावे.

या सर्व कामाला अर्धा दिवस अधिक लागतो आणि खर्च दिव्याच्या किमतीच्या मानाने थोडा असतो. काम झाल्यावर दाखविण्यासारखे काही उरत नाही. चांगली बसविलेली तार बाहेरून दिसतही नाही. पण मध्यरात्री, पावसात, मागच्या बाकावर रुग्ण असताना आणि एका बाजूला दरी असताना, चालक बटण दाबतो तेव्हा त्याला तारेची आठवण होऊ नये, यातच त्या कामाचे सार्थक आहे. दिवा लागतो, वळण दिसते, आणि गाडी पुढे जाते.